विश्लेषण : वैमानिकाविना लढाऊ विमान युद्धनौकेवर उतरवणे इतके अवघड का?

११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ‘तेजस’ची नौदल आवृत्ती ‘आयएनएस विक्रमादित्य’वर उतरवली. भारतीय बनावटीचे लढाऊ विमान विमानवाहू नौकेवर उतरण्याची ही पहिलीच वेळ. हेच काम वैमानिकाविना करायचे असेल तर?

गोव्यात काय तयारी झाली?

दाबोळीतील ‘आयएनएस हंसा’ या नौदल तळावर नौकेच्या डेकसारखी चाचणी सुविधा आहे. तिथे पुढे चढत जाणारा ‘स्की-जम्प’ आणि विमान अडवणाऱ्या तारा आहेत. २० डिसेंबर २०१४ रोजी ‘तेजस’ने तेथील स्की-जम्पवरून पहिले उड्डाण केले. तारेच्या साहाय्याने पहिल्यांदा उतरायला मात्र १३ सप्टेंबर २०१९ उजाडले. स्की-जम्पवरून झेप घेताना या विमानात संगणकच नियंत्रण सांभाळतो. म्हणजे उड्डाणातला मोठा भाग आधीच यंत्राकडे आहे. खरी कसोटी उतरण्याची.

उतरण्यात अडचण कोणती?

विमानाच्या शेपटीकडील हुक तारेत अडकला, की ते सुमारे ९० मीटरच्या आत थांबते. हुक चुकला, तर लगेच पुन्हा हवेत झेपावता यावे म्हणून डेकला टेकताक्षणी इंजिनाची शक्ती वाढवावी लागते. त्यातच नौका पुढे सरकत असते आणि लाटांवर वर-खाली होत असते. डेकवरील अधिकारी वैमानिकाला सूचना देतात आणि गरज पडल्यास पुन्हा फेरी मारायला सांगतात. मानवरहित विमानाला हा निर्णय स्वतः घ्यावा लागतो. तो चुकला, तर डेकवर उभी विमाने आणि माणसे धोक्यात येतात.

अमेरिकेचा अनुभव काय सांगतो?

१० जुलै २०१३ रोजी ‘एक्स-४७बी’ हे मानवरहित विमान ‘यूएसएस जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश’वर दोनदा उतरले. पुढच्या प्रयत्नात त्याने स्वतःच्या संगणकातील बिघाड ओळखला आणि ते किनाऱ्यावरील वॉलॉप्स बेटावर जाऊन उतरले. योग्य वेळी माघार घेणे यंत्राला जमू शकते, हे यातून दिसले. तरीही २०१६ मध्ये अमेरिकी नौदलाने लढाऊ ड्रोनऐवजी आधी हवेत इंधन भरणाऱ्या मानवरहित विमानाला प्राधान्य दिले. तुर्कीने वेगळी वाट धरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘बायरक्तार टीबी३’ हे हलके ड्रोन ‘टीसीजी अनादोलू’वरून उडाले आणि अडवणाऱ्या तारांशिवाय तिथेच उतरले.

भारत कुठे आहे?

‘डीआरडीओ’च्या लहान प्रात्यक्षिक विमानाने १ जुलै २०२२ रोजी कर्नाटकातील चित्रदुर्गजवळ पहिले स्वयंचलित उड्डाण केले. शेपटी नसलेल्या, केवळ पंखाच्या आकाराच्या विमानांचे तंत्र त्यातून तपासले जात आहे. डिसेंबर २०२३ मधील चाचणीत उपग्रहाधारित ‘गगन’ प्रणालीच्या मदतीने, जमिनीवरील रडारशिवाय ते उतरले. मात्र त्यासाठी धावपट्टीचे अक्षांश-रेखांश आधी अचूक मोजलेले असावे लागतात. समुद्रात ‘धावपट्टी’ क्षणाक्षणाला जागा बदलते. म्हणून नौका आणि विमान यांच्यात सतत माहितीची देवाणघेवाण हवी, आणि शत्रूने उपग्रहाचे संकेत रोखले तर पर्यायही हवा.

उड्डाणातही अडसर आहे का?

आहे. ‘विक्रमादित्य’ आणि ‘विक्रांत’ या दोन्ही नौकांवर विमानाला झटक्याने पुढे ढकलणारे कॅटापुल्ट नाही. स्की-जम्पवरून विमानाला स्वतःच्या ताकदीवर उडावे लागते. मोठ्या मानवरहित लढाऊ विमानासाठी आफ्टरबर्नर नसलेले ‘कावेरी’ इंजिन ठरवण्यात आले आहे. अशा इंजिनावर शस्त्रे आणि पुरेसे इंधन घेऊन आखूड डेकवरून झेपावणे कठीण. त्यामुळे प्रश्न केवळ विमानाचा उरत नाही. नौकेवर कॅटापुल्ट बसवायचे की आहे त्या डेकला झेपणारे हलके ड्रोन घ्यायचे, ही निवड आधी करावी लागेल. कारण विमान बदलता येते. नौका मात्र कित्येक दशके तीच राहते.