परक्याची वाट आणि मधला घाट

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. मिस्सा संपून मंडळी घराकडे वळत असताना ख्रिस्तमंदिराच्या पायरीवर एक कोरियन गृहस्थ ओली छत्री मिटवीत उभे राहिलेले दिसले. चाकणजवळच्या एका कारखान्यात यंत्रे बसविण्याच्या कामासाठी ते काही महिन्यांकरिता आले होते. एरवी मोटार दिमतीला असे. परंतु रविवारी चालकाला सुट्टी देऊन ते हौसेने बसने निघाले होते. साडेआठच्या मिस्सेसाठी सात वाजता निघालेले हे गृहस्थ दहा वाजता पोहोचले. थांब्यावर येणाऱ्या प्रत्येक बसच्या कपाळावर गावाचे नाव देवनागरीत आणि क्रमांकही देवनागरी अंकांत लिहिलेला होता. त्यांच्या लेखी ती सारी नक्षीच. तीन गाड्या त्यांनी जाऊ दिल्या. अखेर मेथीच्या जुड्यांची पाटी घेऊन उभ्या असलेल्या एका बाईंनी त्यांच्या गळ्यातील क्रूस पाहिला, "चर्च?" असे विचारले, दंडाला धरून त्यांना योग्य त्या बसमध्ये चढविले आणि वाहकाला बजावले, "दादा, या पाव्हण्याला चर्चपाशी उतरवा बरं का."

मिस्सा हुकल्याची खंत त्यांना होतीच. परंतु माझ्यापाशी येऊन त्यांनी पहिली विचारणा केली ती एका शब्दाची. "पाव्हणा म्हणजे काय?" त्या बाईंच्या बोलण्यातील तेवढा एकच शब्द त्यांच्या कानात राहिला होता.

मी अर्थ सांगितला. पण मनात विचार सुरू झाला. परमुलखातून आलेला माणूस आपल्या या वाटेवर आजवर कसा प्रवास करीत आला? त्याला कोणी वाहून नेले? पिंपरी-चिंचवडकडे आपण कारखान्यांचे नवे नगर म्हणून पाहतो. तथापि या नगरातून जाणारी वाट जुनी आहे आणि तिच्यावरून परदेशी माणसे दोनशे वर्षांहून अधिक काळ ये-जा करीत आहेत.

इ. स. १८०० मध्ये कॅप्टन एडवर्ड मूर हा इंग्रज अधिकारी चिंचवडच्या देवांचे दर्शन घ्यावयास आला होता. मोरया गोसावींच्या घराण्यातील वंशपरंपरागत गणेश-अवताराची कीर्ती त्याच्या कानी गेली होती आणि त्यावर त्याने पुढे निबंधही लिहिला. त्यानंतर इ. स. १८०९ च्या डिसेंबरात मारिया ग्रॅहम ही चोवीस वर्षांची इंग्रज स्त्री मुंबईहून पुण्याकडे निघाली. पुण्यात तेव्हा दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई होती. त्यामुळे ती खऱ्या अर्थाने परराज्यात चालली होती. मुंबईहून पनवेलपर्यंत होडी, तेथून खोपोली, बोरघाट, खंडाळा, कार्ल्याची लेणी, तळेगाव आणि चिंचवड असा तिचा मार्ग होता. चिंचवडला तिने देवांचा वाडा पाहिला, प्रत्यक्ष देवांनाही पाहिले. इ. स. १८१२ मध्ये तिचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले.

हा प्रवास पालखीतून झाला. त्या काळी लांबच्या प्रवासासाठी 'डाक बसवीत' असत. म्हणजे टप्प्याटप्प्यावर ताज्या दमाच्या भोयांची तुकडी आधीच सांगून ठेवावयाची, चौघांनी खांदा द्यावयाचा, बाकीच्यांनी शेजारून धावत खांदेपालट करावयाची आणि रात्र झाली की मशालजीने पुढे उजेड धरावयाचा. आजच्या भाषेत ज्याला आपण वाहतूक-व्यवस्था म्हणतो, ती तेव्हा माणसांच्या खांद्यांवर उभी होती. आत बसणाऱ्याला वाट ठाऊक असण्याचे कारण नव्हते. भाषा आली नाही तरी चालत असे. वाट भोयांच्या पायांना पाठ होती.

मारियाबाईंनी या भोयांविषयी एक मोलाची नोंद करून ठेवली आहे. मुंबईत त्यांना 'हमाल' म्हणतात, त्या शब्दाचा अर्थ वाहणारा असा आहे, आणि ही माणसे बहुतेक मराठी मुलखातून आलेली, कुणबी म्हणजे शेतकरी समाजातील आहेत, असे ती लिहिते. ही नोंद वाचताना मी थबकलो. घाट चढून मावळात शिरणारी ती पालखी ज्यांच्या खांद्यावर होती, त्यांतील एखाद्याचे गाव कदाचित वाटेतच असेल. पालखीतील परकी स्त्री अनोळखी मुलूख पाहत होती आणि खाली खांदा देणारा आपल्याच शिवारावरून धावत होता. तिचे नाव ग्रंथावर राहिले. त्याचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही.

इ. स. १८२५ मध्ये कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप रेजिनाल्ड हेबर याच वाटेने पुण्यास आले. बोरघाटातील रस्ता तेव्हा रुंद होता. पण चढ इतका उभा, की मालाने भरलेली गाडी वर चढणे कठीण. माणसे पायी किंवा घोड्यावर जात आणि माल बैलांच्या पाठीवरून येई, असे वर्णन त्यांनी केले आहे. पाच वर्षांनी, इ. स. १८३० मध्ये, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत चाकांच्या गाड्या जाऊ शकतील असा रस्ता घाटात खुला झाला. खांद्यावरचा भार हळूहळू चाकांवर येऊ लागला.

त्यानंतर आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे गाडी धावली हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु पुढची पाच-दहा वर्षे आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहेत. इ. स. १८५६ मध्ये मुंबईकडून लोहमार्ग घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीपर्यंत, आला. १४ जून १८५८ रोजी घाटमाथ्यावरचा खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. या मार्गावर तळेगाव आणि चिंचवड ही गावे येतात. खाली आगगाडी, वर आगगाडी; मधला घाट मात्र रिकामा! प्रवाशाने खोपोलीस उतरावे, पालखीत, तट्टावर वा बैलगाडीत बसून घाट चढावा आणि खंडाळ्यास दुसरी गाडी धरावी, असा क्रम जवळजवळ पाच वर्षे चालू होता. वाफेच्या युगाचा गाजावाजा दोन्ही टोकांना होत होता आणि त्या दोन टोकांना जोडत होता तो पुन्हा माणसाचा खांदाच.

हा मधला घाट बुजविण्यासाठी जी किंमत मोजावी लागली ती विसरता येण्यासारखी नाही. सुमारे २५ किलोमीटरची चढण, १,८३१ फुटांची उंची आणि २५ बोगदे असे ते काम होते. इ. स. १८६१ मध्ये तेथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकी आणि तापाने कितीतरी जण गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इ. स. १८५९ मध्ये येथे येताच थोड्याच दिवसांत आजाराने वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी ते कंत्राट हाती घेऊन तडीस नेले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले आणि मुंबई-पुणे अखंड जोडली गेली.

आगगाडीने परक्या प्रवाशाला एक नवी गोष्ट दिली. तिकीट घ्यावे, वेळापत्रक पाहावे, फलकावरचे नाव वाचावे आणि उतरावे. कोणाच्या ओळखीची वा मर्जीची गरज उरली नाही. हे स्वातंत्र्य लहान नव्हे. त्याबरोबरच वर्गवारीही आली. पहिल्या वर्गात बसलेला साहेब मुंबईपासून पुण्यापर्यंत आला, तरी त्याची या मुलखातील एकाही माणसाशी गाठ पडली नसेल अशी शक्यता निर्माण झाली. पालखीच्या काळी निदान खांदा देणाऱ्याचा श्वास तरी ऐकू येत असे.

रेल्वे जेथे संपते तेथून पुढे मात्र परक्याला लोकांमध्ये मिसळावेच लागे. याचा दाखला आपल्याच घरातला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन येशूसंघीय धर्मगुरू तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात कार्य करू लागले. दौंड-मनमाड लोहमार्ग इ. स. १८७८ मध्ये सुरू झाला होता. पण खेडी रुळांपासून दूर. तेथे पोहोचायचे ते घोड्यावरून, बैलगाडीतून, नाहीतर पायी. वाट विचारण्यासाठी मराठी शिकणे त्यांना भागच होते. त्यांच्याही कितीतरी आधी, इ. स. १५७९ मध्ये, गोव्यात उतरलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपली भाषा अशी आत्मसात केली की त्यांचे ख्रिस्तपुराण मराठी वाङ्मयाचा ठेवा ठरले. परमुलखात आलेल्याने वाहून घ्यावे किंवा शिकावे, असे दोन मार्ग दिसतात. आपल्या धर्मग्रामातील अनेक कुटुंबांचे पूर्वज त्याच नगर जिल्ह्यातील खेड्यांतून कामधंद्यासाठी इकडे आले, हेही येथे आठवावे.

कामधंदा आला तो स्वातंत्र्यानंतर. पिंपरीस जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला; इ. स. १९५४ मध्ये त्याची स्थापना झाली. पुढे दापोडी, चिंचवड या भागांत स्वीडिश कंपन्यांचे कारखाने आले. इ. स. १९७० मध्ये नगरपालिका, इ. स. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुणे-लोणावळा लोकल इ. स. १९७८ मध्ये धावू लागली आणि पहाटेच्या पाळीच्या कामगाराला तिचा आधार झाला. शहराची स्वतःची बससेवा इ. स. १९७४ पासून होती, ती इ. स. २००७ मध्ये पुण्याच्या बससेवेत विलीन झाली. इ. स. २००९ मध्ये चाकणला जर्मन मोटारींचे कारखाने सुरू झाले. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी मेट्रो धावली. आज ती स्वारगेटपर्यंत जाते. रेल्वे आणि मेट्रो या दोहोंच्या स्थानकांवर नावे मराठीबरोबरच इंग्रजीतही लिहिलेली असतात. परका तेथे स्वतःच्या डोळ्यांनी वाट वाचू शकतो.

पण चाकणला रेल्वे नाही, मेट्रोही नाही. भोसरी, मोशी ओलांडून नाशिक रस्त्याने बस, रिक्षा अथवा खच्चून भरलेल्या वडापने जावे लागते. वडापला फलक नसतो, वेळापत्रक नसते. दाराशी लोंबकळणाऱ्या पोराची आरोळी हेच त्याचे वेळापत्रक. इ. स. १८५८ चा तो मधला घाट आपल्या नगरात आजही आहे. तो डोंगराचा नाही इतकेच. एका टोकाला मेट्रो, दुसऱ्या टोकाला जगभर जाणाऱ्या मोटारी बनविणारे कारखाने, आणि मधली वाट परक्याला न वाचता येणारी.

येथे परका म्हणजे केवळ कोरियन वा जर्मन पाहुणा नव्हे. त्याच्यासाठी मोटार असते. बस ही त्याची एका रविवारची हौस. ओडिशातून, बंगालमधून वा तमिळनाडूतून कंत्राटी कामावर आलेल्या तरुणाला मात्र तोच फलक रोज वाचावयाचा असतो. देवनागरी त्यालाही परकी असू शकते. रात्रपाळी सुटल्यावर चुकीच्या गाडीत बसलेल्या अशा मुलाचे त्या दिवसाचे खाडे कोण भरून देणार? मराठी फलक मराठीतच असावा याविषयी माझ्या मनात किंतु नाही. ही आपल्या घराची पाटी आहे. तिच्याखाली पाहुण्याला कळेल असा अंक आणि एक ओळ लिहिल्याने घर आपलेच राहते.

दुसरीही बाजू आहे. आपली मुले आज आखाती देशांत, जर्मनीत, कॅनडात आहेत. कुठल्या तरी अनोळखी स्थानकावर तीही फलकाकडे टक लावून उभी असतात. तेथे कोणीतरी त्यांना हात धरून योग्य गाडीत बसवावे अशी प्रार्थना आपण घरी करतोच. ती प्रार्थना करणाऱ्याने आपल्या थांब्यावर उभ्या असलेल्याकडे पाठ कशी फिरवावी?

वाचकहो, दोनशे वर्षांत साधने बदलली. पालखी गेली, टांगा गेला, वाफेचे इंजिनही गेले. परंतु प्रत्येक काळात एक टप्पा असा राहिला की जेथे रूळ संपले आणि माणसाने माणसाला पुढे नेले. चांगल्या शोमरोन्याने जखमीला आपल्या जनावरावर बसविले, तेव्हा तो स्वतः पायी चालला असणार. तो टप्पा फार लांबीचा नसावा. पण प्रवास तेथेच तडीस गेला.

कोरियन गृहस्थ पुढच्या रविवारी पुन्हा बसनेच आले, आणि या वेळी वेळेवर. सोबत त्यांच्याच कारखान्यातील एक ओडिया तरुण होता. त्याला त्यांनी वाटेत बसच्या फलकावरचे देवनागरी आकडे शिकविले होते. ओळख करून देताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते मला म्हणाले, "फादर, पाव्हणा."