बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतरची ईबीव्ही तपासणी : का आणि किती वेळा?

ल्युकेमिया, थॅलेसेमिया अशा आजारांत भावाच्या, बहिणीच्या किंवा दुसऱ्या दात्याच्या मूळपेशी रुग्णाला देतात. रुग्ण घरी येतो, चार घास खायला लागतो, आणि आपण म्हणतो, "अल्हम्दुलिल्लाह, बरा झाला." मग दर आठवड्याला शहरात जाऊन रक्त देणे जिवावर येते. गाडीभाडे लागते, मजुरी बुडते, हे आम्हीही जाणतो. पण नेमक्या याच महिन्यांत एक आजार आतल्या आत वाढू शकतो.

आजार कोणता?
त्याला पीटीएलडी म्हणतात. यात रक्तातल्या बी पेशी बेसुमार वाढतात आणि त्याचा लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, होऊ शकतो. ट्रान्सप्लांटनंतर याच्या मुळाशी बहुतेकदा एपस्टीन-बार विषाणू, म्हणजे ईबीव्ही असतो. १९६४ मध्ये सापडलेला हा विषाणू ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या शरीरात निपचित पडून असतो. टी पेशी त्याला आवरून धरतात. ट्रान्सप्लांटनंतर त्याच पेशी कमी आणि कमजोर असतात. एटीजी औषध दिलेले, दाता पूर्ण न जुळलेला किंवा जीव्हीएचडी झालेला असेल तर धोका वाढतो. स्वतःच्याच पेशी परत दिलेल्या रुग्णांत हा आजार क्वचित होतो.

तपासणी कशी होते?
थोडे रक्त घेऊन पीसीआर पद्धतीने विषाणूचा डीएनए मोजतात. ही अँटीबॉडीची तपासणी नव्हे. अँटीबॉडी ट्रान्सप्लांटच्या आधी दाता आणि रुग्ण दोघांच्या पाहतात. युरोपातील तज्ज्ञांच्या सूचनेनुसार, धोका असलेल्यांची पीसीआर तपासणी पहिल्या महिन्यातच सुरू करून आठवड्यातून एकदा, किमान चार महिने करावी. धोका टिकून असेल तर डॉक्टर ती पुढेही चालू ठेवतात.

रिपोर्ट कसा पाहावा?
एकाच आकड्यावरून घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये. विषाणू सापडला म्हणजे कॅन्सर झाला असे नाही. आकडा आठवड्यागणिक चढतोय का, हे महत्त्वाचे. वेगवेगळ्या लॅबचे आकडे सरळ जुळत नाहीत, म्हणून शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करावी. आजाराची खात्री पेट-सीटी आणि बायोप्सीने होते.

आकडा वेळीच कळला तर गाठ होण्याआधीच रिटुक्सिमॅब देता येते, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे डॉक्टर कमी करतात. ती आपल्या मनाने कधीच बंद करू नयेत.

ताप, मानेत किंवा काखेत गाठ, सुजलेले टॉन्सिल, घटते वजन, यांतले काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलीत लावा. दुआ तर आपण करतोच. तिच्यासोबत तपासणीची तारीखही चुकवू नये, एवढीच आमची विनंती.