संकलन
‘संकलन’मधला धातू ‘कल्’, म्हणजे मोजणे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) बेरजेला संकलित म्हटले आहे आणि वजाबाकीला व्यवकलित. कलनशास्त्रासाठी हा शब्द घेणाऱ्यांनी अचूक निवड केली, असे मला ठामपणे वाटते. लायब्निझने १६७५ मध्ये योजलेले लांबट ‘एस’चे चिन्हही बेरजेच्या लॅटिन ‘सुम्मा’ या शब्दाचे आद्याक्षरच आहे.

यावर आक्षेप येतो तो असा: १/[क्ष(क्ष+१)] चे संकलन करताना बेरीज दिसतेच कुठे? उलट आपण अपूर्णांक फोडतो, १/क्ष − १/(क्ष+१) असे लिहितो आणि दोन लॉगॅरिदम मांडून मोकळे होतो. ही तर विकलनाची उलट क्रिया झाली. आक्षेप अर्धाच खरा आहे. तुकड्यांचे संकलन वेगवेगळे करून ते पुन्हा एकत्र आणता येते, म्हणूनच ही फोड कामाला येते. शिवाय ते लॉगॅरिदम तरी येते कुठून? १/क्ष च्या वक्राखाली १ ते २ दरम्यान दहा पट्ट्या घ्या: १/११ + १/१२ + … + १/२० ही बेरीज सुमारे ०.६६९ भरते. पट्ट्या बारीक करत गेलो की ती ०.६९३ कडे, म्हणजे २ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमकडे सरकते. त्यातून दुसऱ्या तुकड्याचे ०.४०५ वजा केले की ०.२८८ उरते, आणि तेच मूळ वक्राखालचे क्षेत्रफळ.