गालिबच्या गाठी

आमच्या उर्दू शाळेत मिर्झा गालिब यांची गझल शिकवायला घेतली की एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो. "सर, गालिबना शेर सुचायचे कसे?" मुलांसमोर एक चित्र असते. १९५४ चा चित्रपट आणि १९८८ ची दूरदर्शन मालिका यांनी ते घराघरांत पोहोचवले. दिल्लीची गल्ली, उंच टोपी, समोर शमा आणि ओठांवर अलगद येणारा शेर. या चित्रात गालिब आहेत, पण त्यांची मेहनत नाही.

ही मेहनत त्यांचे शागीर्द मौलाना अल्ताफ हुसेन हाली यांनी जवळून पाहिली होती. १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या 'यादगार-ए-गालिब' या चरित्रात ते सांगतात की, गालिब बहुधा रात्री शेर रचत. एक शेर पुरा झाला की कमरबंदाला एक गाठ मारत. अशा आठ-दहा गाठी मारून झोपी जात आणि सकाळी एकेक गाठ सोडत ते शेर आठवून कागदावर उतरवत. त्या रात्री ना दाद देणारा कोणी असे, ना मुशायरा. कलावंताचा खरा आनंद एवढाच असतो आणि तो त्याचा एकट्याचा असतो.

पण सकाळ उजाडल्यावर दुसरे काम सुरू होते. २७ डिसेंबर १७९७ रोजी आग्र्यात जन्मलेले गालिब लहान वयातच लिहू लागले. फारसी कवी बेदिल यांच्या प्रभावाखाली त्यांनी इतके अवघड लिहिले की लोक टिंगल करत. पुढे स्वतःचीच नजर तयार झाली, तेव्हा त्यांनी आपल्या दीवानावर कात्री चालवली. मौलाना फज्ले हक खैराबादी यांच्यासारख्या जाणकार मित्राचा सल्लाही त्यांनी मानला. १८४१ साली दिल्लीत पहिला उर्दू दीवान छापला गेला, त्यात जेमतेम अकराशेच्या आसपास शेर होते. किती गाळले, हे जगाला फार उशिरा कळले. १८२१ सालचे त्यांच्या दीवानाचे एक हस्तलिखित भोपाळला मिळाले आणि १९२१ मध्ये 'नुस्खा-ए-हमीदिया' या नावाने छापले गेले. त्यातले कितीतरी शेर गालिब यांनी छापील दीवानात घेतलेच नव्हते. स्वतःचे लिहिलेले स्वतःच्या हाताने बाजूला सारणे किती जड जाते, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक!

आणखी एक गंमत पाहा. गालिब यांना खरा अभिमान होता तो आपल्या फारसी कवितेचा. उर्दूला ते दुय्यम मानत. आज मात्र जग त्यांना ओळखते ते उर्दूमुळे. वर्गात उर्दू शिकवणारा आणि लिहायला मराठीत बसणारा माझ्यासारखा माणूस यातून एक धडा घेतो. आपली कोणती भाषा आपल्याला तारून नेईल, हे आपल्या हातात नसते.

मग १८५७ आले. गालिब आपल्या कवितेची प्रत स्वतःजवळ ठेवत नसत. नवाब झियाउद्दीन अहमद खान आणि हुसेन मिर्झा हे दोन स्नेही ती जमवून ठेवत. दिल्लीच्या लुटीत दोघांचीही घरे लुटली गेली आणि आयुष्यभराचे कागद गेले. पुढे एका पत्रात गालिब यांनी लिहिले आहे की, एका गोड गळ्याच्या फकिराने त्यांचीच एक गझल कुठूनशी लिहून घेतली होती. त्याने तो कागद दाखवला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ज्याने लिहिले त्याच्याकडे काही उरले नव्हते, पण रस्त्यावर गाणाऱ्याकडे ते होते.

रामपूरला आधी पाठवलेली एक प्रत वाचली होती. तिच्या आधारे १८६१ मध्ये दीवान पुन्हा छापला गेला, पण छपाई चुकांनी भरलेली! साठी ओलांडलेल्या, थकलेल्या गालिब यांनी पुन्हा दुरुस्त्या केल्या आणि १८६२ मध्ये कानपूरच्या निजामी छापखान्यातून तो नव्याने निघाला. १५ फेब्रुवारी १८६९ रोजी ते गेले. या जगात त्यांना सुख थोडेच लाभले. पेन्शनचे खेटे, कर्ज, १८४७ मधली कैद, हे सगळे त्या गाठींच्या सोबतच चालू होते.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने आपली कवितेची वही दाखवली. पानापानावर खाडाखोड होती. ती संकोचून म्हणाली, "सर, नव्या वहीत नीट लिहून आणू का?" मी म्हणालो, "बेटा, नीट लिहून जरूर आण, पण ही वही फेकू नकोस." मग तिला कमरबंदाच्या गाठींची गोष्ट सांगितली. आपल्या समाजात लिहू पाहणाऱ्या मुला-मुलींना शाबासकी देणारे थोडे आणि "यातून काय मिळणार?" असे विचारणारे फार. त्यांना गालिब यांचे शेर तर सांगूच, पण त्यांनी गाळलेले शेरही सांगायला हवेत. सुचणे ही अल्लाहची देणगी असेल, पण सकाळी उठून गाठ सोडणे आणि नको ते खोडणे हे ज्याचे त्यालाच करावे लागते.