‘कंपनी’ : एका इंग्रजी शब्दाचा अर्थविस्तार

‘कंपनी’ हा इंग्रजी शब्द मराठीस व्यापार आणि राज्यकारभार यांतून परिचित झाला. परंतु मुळात त्याचा या दोहोंशीही संबंध नव्हता. उत्तरकालीन लॅटिनमधील ‘कोम्पानिओ’ म्हणजे भाकरीचा वाटेकरी. ‘कोम्’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी. गॉथिक भाषेतील ‘गह्लाइबा’ या शब्दाची घडणही नेमकी अशीच असल्यामुळे लॅटिन शब्द एखाद्या जर्मानिक शब्दावरून बेतला गेला असावा, असे अभ्यासक मानतात. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत उतरला तो ‘सोबत’ या अर्थाने. घरी आलेले पाहुणे, जहाजावरील खलाशांचा ताफा, नटांचा संच आणि पायदळाची तुकडी या सर्वांना इंग्रज माणूस आजही हाच शब्द लावतो. चौदाव्या शतकात फ्रान्स व इटलीत लूट करीत हिंडणाऱ्या भाडोत्री सैनिकांच्या टोळ्यांनाही हेच नाव होते. लुटारूही एकत्रच जेवतात!

लंडनच्या व्यापारी व कारागीर संघांनीही हे नाव घेतले. मर्सर्स कंपनीची सनद १३९४ ची आहे. मात्र असा संघ स्वतः व्यापार करीत नसे. नियम संघाचे, धंदा ज्याचा त्याचा. १५५५ मध्ये सनद मिळालेल्या मस्कोव्ही कंपनीत सभासदांचे भांडवलच एकत्र झाले आणि शब्दाच्या इतिहासास निराळे वळण लागले. ३१ डिसेंबर १६०० रोजी सनद मिळालेली ईस्ट इंडिया कंपनी प्रारंभी सफरीपुरते भांडवल जमवी. १६५७ पासून ते कायमचे झाले. भागीदारांनी एकमेकांचे तोंड पाहण्याचीही आता गरज उरली नाही.

मराठी कागदपत्रांत या शब्दाचे ‘कुंपणी’ असे रूप आढळते. रयतेच्या लेखी ती व्यापाऱ्यांची पेढी नव्हती, सरकार होते. दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला तो इंग्लंडच्या राजाशी नव्हे, कंपनीशी. आणि त्याची तारीखही ३१ डिसेंबर, साल १८०२. कंपनीचे राज्य १८५८ मध्ये संपले आणि १८७४ मध्ये ती स्वतःही विसर्जित झाली. मराठीने मात्र मूळ अर्थाच्या अधिक जवळचा ‘मंडळी’ हा प्रतिशब्द आधीपासूनच जवळ बाळगला होता. किर्लोस्कर नाटक मंडळीस लोक बोलताना खुशाल ‘कंपनी’ म्हणत, तर दुकानाच्या पाटीवर ‘आणि मंडळी’ असे शब्द झळकत.

इंग्लंडात १८५५ च्या कायद्याने भागधारकांची जबाबदारी मर्यादित केली. पुढे १८९७ मध्ये सॉलोमन या पादत्राणे बनविणाऱ्या व्यापाऱ्याचा खटला उमरावांच्या सभेपुढे गेला. कायद्यास सात सभासद हवे होते. २०,००७ भागांपैकी २०,००१ त्याचे स्वतःचे आणि उरलेले सहा पत्नी व मुलांचे होते. तरीही कंपनी ही सॉलोमनहून वेगळी व्यक्ती आहे, असा निर्णय झाला. धनकोंचे पैसे बुडाले. भारताच्या २०१३ च्या कायद्याने तर एकाच सभासदाची कंपनी स्थापण्यास मान्यता दिली आहे.