पदवी नव्हती तेव्हाचे संगणक अभियंते

संगणक अभियांत्रिकीत नेमकं शिकायचं काय, असं मुलं विचारतात. उत्तरासाठी थोडं मागे जाऊ या.

१९५०च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी संगणक बांधायला घेतला. या विषयाची पदवी तेव्हा भारतात कुठेच नव्हती. बांधता बांधताच ते शिकले. १९५६ मध्ये लहान नमुना चालला, १९६० मध्ये पूर्ण यंत्र. पुढे त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळालं. त्याची स्मृती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. मुलांना गुणाकार करू द्या: ८१,९२० बिट, म्हणजे अवघे १० किलोबाइट! एवढ्याशा जागेत गणित बसवायचं, तर यंत्राची रचना आणि आज्ञावली दोन्ही कळायला हव्यात.

हीच जोडी पुढे अभ्यासक्रमात आली. आयआयटी कानपूरमध्ये १९६३ साली आयबीएम १६२० या संगणकावर शिकवणं सुरू झालं; १९७१ मध्ये एमटेक आणि पीएचडीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आला.

आज हे शिकून कुणी चिपची रचना करतं, कुणी कार्यप्रणाली लिहितं, कुणी मोटारीच्या ब्रेकमधला संगणक घडवतं. यंत्रं बदलतात, संगणकाच्या भाषाही बदलतात. आज्ञा यंत्रात कशी उतरते हे ज्याला कळलं, त्याला नवं यंत्र परकं वाटत नाही.