मागच्या जन्मीचं देणं?

ग्लासगोला पाहुणे आले की आम्ही त्यांना हमखास कॅथीड्रल दाखवायला नेतो. तिथेच, १९९३ साली सुरू झालेल्या सेंट मंगो म्युझियमच्या अंगणात वाळू-दगडांची जपानी झेन बाग आहे. शेजारी रॉयल इन्फर्मरी. याच रुग्णालयात १८६५ साली जोसेफ लिस्टर यांनी, गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बॉलिक ॲसिडची पट्टी बांधली. जखमा दूषित हवेमुळे चिघळतात, असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. पाश्चर यांचं संशोधन वाचून लिस्टर यांनी खरं कारण सूक्ष्मजंतूंमध्ये शोधलं. मुलाचा पाय वाचला.

आजार कशामुळे होतो, हा प्रश्न आमच्या घरात काही वर्षांपूर्वी वेगळ्याच रूपात आला. साताऱ्याला आईला अर्धांगाचा झटका आला. भेटायला आलेल्या एका नातेवाइकांनी धीर द्यायचा म्हणून सांगितलं, "मागच्या जन्मीचं देणं असतं, फेडावंच लागतं." आईने व्यायाम करणं सोडलं. फोनवर मला म्हणाली, "अरे, मी असं काय केलं असेल रे?" हजारो मैलांवरून काय उत्तर देणार? म्हणून वाचायला लागलो.

हाच प्रश्न बुद्धांना राजगृहात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने विचारला होता. संयुत्त निकायात तो संवाद आहे. माणसाला जे सुखदुःख भोगावं लागतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. तुमचं मत काय? बुद्धांनी वेदनांची आठ कारणं सांगितली: पित्त, कफ, वात, या तिन्हींचा एकत्रित बिघाड, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेली इजा, आणि आठवं कर्माचं फळ. ही आठही स्वतःच्या अनुभवाने कळतात, जगही ती मान्य करतं. म्हणून सगळं पूर्वकर्मामुळेच असं म्हणणारे चुकतात, असा निर्वाळा त्यांनी दिला. आमच्या आयटीत बिघाडाचं मूळ शोधताना पहिल्याच संशयितावर खापर फोडायचं नाही, असा दंडक असतो. तोच हा!

बुद्धांनी कर्म नाकारलं, असं मात्र नाही. प्राण्यांना इजा करणारा पुढच्या जन्मी रोगी होतो, असं मज्झिम निकायातल्या एका सुत्तात आहेच. पण आठातलं एक कारण म्हणजे सगळी कारणं नव्हेत. सगळं आधीच ठरलेलं असेल तर प्रयत्नाला अर्थच उरत नाही, हा आक्षेपही त्यांनी अंगुत्तर निकायात घेतला आहे. आईचं नेमकं तेच झालं होतं.

विचारांप्रमाणेच आचारही होता. शरद ऋतूत भिक्षू आजारी पडले, अन्न पोटात ठरेना, तेव्हा तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधं घ्यायला बुद्धांनी परवानगी दिली. हगवणीने स्वतःच्या घाणीत पडलेल्या एका भिक्षूला त्यांनी आनंदासह स्वतः धुतलं. त्याच्या पूर्वजन्माची चौकशी केली नाही. याची काळजी कोण घेतो, एवढंच विचारलं.

याचे धागे महाराष्ट्रातही आहेत. सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखात आजारपणात लोक करतात त्या विधींचं फळ थोडंच, असं म्हटलं आहे. त्याचा एक तुकडा सोपाऱ्याजवळ भुईगावला १९५६ साली सापडला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने त्यांनी लिहिलेला 'द बुद्ध अँड हिज धम्म' त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रकाशित झाला. माणसाचं आजचं दैन्य गतजन्मीच्या कर्मावर ढकलण्याची शिकवण बुद्धाची असूच शकत नाही, असं त्यांनी त्यात ठामपणे मांडलं. ते तर बुद्धांच्याही एक पाऊल पुढे गेले, असं मला वाटतं.

आईला मी ती आठ कारणं फोनवर वाचून दाखवली. "तुझं रक्तदाबाचं औषध मध्येच बंद केलं होतंस, ते सातवं की सहावं?" असं विचारलं. ती हसली. दुसऱ्या दिवसापासून व्यायाम पुन्हा सुरू झाला. हात पूर्ण सुधारला नाही, पण तो प्रश्न तिने परत विचारला नाही.

आपण परदेशातून घरी फोन करतो तेव्हा औषधांची चौकशी आठवणीने करतो. आपल्या आजारी माणसाला कुणी अपराधी तर ठरवत नाही ना, हेही एकदा विचारून पाहावं.